'इथं गिधाडं आहेत कुठं?'

गेल्या जानेवारीत आमच्या तालुक्याच्या गावी एका शाळेत निबंध स्पर्धेची परीक्षक म्हणून गेले होते. (समाजकार्य करणाऱ्या बाईला परीक्षक म्हणून बोलावणं सोपं असतं. मानधन द्यावं लागत नाही, नारळ आणि गुलाबाच्या फुलावर भागतं!) विषय ठरलेला- 'मानव आणि निसर्ग'. बेचाळीस निबंध वाचले. अक्षरं वेगळी, चुका वेगळ्या, पण मजकूर एकच. 'स्वार्थी मानवाने निसर्गावर अत्याचार केले. मानवाने जंगले तोडली, नद्या दूषित केल्या. मानवाने आता तरी जागे व्हावे.' सगळ्या बेचाळीस निबंधांत मिळून एकही माणूस नव्हता. म्हणजे 'मानव' होता, पानोपानी होता. पण आमचे बाबा, आमची आई, शेजारचे काका, मी असं कुणीच नव्हतं. वाचता वाचता मला वाटायला लागलं, हा मानव नावाचा गृहस्थ राहतो तरी कुठे? सगळी पापं करतो आणि कधी कुणाला भेटत नाही!

मुलांना कशाला नावं ठेवू? शाळेत असताना मीही असाच निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं. बी.ए.ला मराठी घेतलं तेव्हा तर आणखी अलंकारिक लिहायला शिकले. तो मानव मला खऱ्या अर्थाने भेटला तो त्या निबंधांनंतर तीन आठवड्यांनी, एका गोठ्यात.

आमच्या बचत गटातल्या एका वहिनींची गाय आजारी होती. दगडी झाली होती. कास दगडासारखी टणक, हात लावू देईना. वहिनींचं घर चालतं ते त्या एका गाईच्या दुधावर. नवरा ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर, दोन मुली शिकतायत. गटाचा हप्तासुद्धा दुधाच्या बिलातून येतो. मी हप्त्यांच्या वहीसाठी गेले होते, तर त्या गोठ्यातच बसलेल्या. रात्रभर झोप नव्हती त्यांना. म्हणाल्या, "आता बरी आहे ताई. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं काल रात्री."

गव्हाणीच्या कडेला काचेच्या रिकाम्या कुप्या पडल्या होत्या. छोट्या छोट्या, पाच. पायात घुसतील म्हणून मी उचलायला गेले आणि सवयीने नाव वाचलं. डायक्लोफिनॅक. माणसांसाठीचं. डॉक्टर म्हणजे कोण, तर बाइकवरून पाच-सहा गावं फिरणारा एक तरुण मुलगा. शिक्षण गुरांच्या डॉक्टरचं नाही. पण हाकेला धावून येतो, म्हणून सगळे त्याला डॉक्टरच म्हणतात.

मी म्हटलं, "वहिनी, हे औषध जनावराला द्यायला बंदी आहे."

"का? विषारी आहे?"

"गाईला नाही. गिधाडांना."

वहिनींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मीच थोडी वेडसर आहे. मग म्हणाल्या, "इथं गिधाडं आहेत कुठं, ताई?"

या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं नाही. ते आज इथे द्यायचा प्रयत्न करते आहे. कारण उत्तर लांब आहे आणि त्यात माझ्या माहेरचा गोठाही आहे.

माझं माहेर रायगड जिल्ह्यातलं. आमच्या लहानपणी, म्हणजे 1990 च्या आसपास, गिधाड ही काही बघायला जायची गोष्ट नव्हती. गावाबाहेर मेलेली गुरं टाकायची एक जागा होती. गुरं टाकली की आभाळात आधी दोन ठिपके दिसायचे, मग दहा, मग मोजता येणार नाहीत इतके. आम्हाला तिकडे जायची मनाई होती, म्हणून आम्ही हटकून जायचो. ती उतरायची, भांडायची, पंख पसरून एकमेकांवर धावून जायची. दुपारी टाकलेल्या बैलाची संध्याकाळपर्यंत हाडं उरलेली असायची, पांढरीशुभ्र. वास नाही, माश्या नाहीत. आई म्हणायची, "झाडून घेतलंन मेल्यांनी." ही खरं तर शाबासकी होती, पण तोंडावर 'मेल्यांनी' असायचंच.

गिधाडाचं कौतुक आपण कधी केलंच नाही. घरावर बसलं तर अपशकुन. कुणी अधाशी असला तर 'गिधाडासारखा तुटून पडला'. बाईवर अत्याचार झाला की वर्तमानपत्राच्या मथळ्यात 'गिधाडांनी लचके तोडले'. (हे तर मला फारच अन्यायाचं वाटतं. गिधाड जिवंत प्राण्याच्या वाटेला सहसा जात नाही हो!) तेंडुलकरांनी हावरट माणसांवर नाटक लिहिलं, त्याचंही नाव 'गिधाडे'च. एकटा जटायू तेवढा आपण देवळात घेतला. इगतपुरीजवळ टाकेदला त्याच्या नावाचं तीर्थ आहे, तिथे आपण हात जोडतो. बाकीचे त्याचे भाऊबंद वेशीबाहेरच.

आणि त्यांचं काम तरी कसलं? घरातल्या बाईच्या कामासारखं. होत असतं तोवर कुणाला दिसत नाही. भांडी घासणारी मावशी चार दिवस आली नाही की पाचव्या दिवशी तिची किंमत कळते. गिधाडांच्या बाबतीत तो पाचवा दिवस उजाडला, तेव्हा मावशी कायमच्या गेल्या होत्या.

किती गेली, हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा छापण्यात चूक असेल असंच वाटलं. पांढऱ्या पाठीचं गिधाड, जे आमच्या गावी आभाळात भिरभिरायचं तेच, 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतात 99.9 टक्क्यांनी कमी झालं. हजारातलं एक उरलं. लांब चोचीची गिधाडं सुमारे 97 टक्क्यांनी घटली. राजस्थानात भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात डॉ. विभू प्रकाश यांनी 1980 च्या दशकात साडेतीनशेच्या आसपास घरटी मोजली होती. नव्वदीत ते पुन्हा मोजायला गेले तर झाडांखाली मेलेली गिधाडं, झाडांवर मान खाली टाकून बसलेली गिधाडं. पुढच्या काही वर्षांत एकही घरटं राहिलं नाही.

आधी वाटलं, काही साथीचा रोग असेल. जगभरचे शास्त्रज्ञ विषाणू शोधत राहिले. शेवटी पाकिस्तानातल्या पंजाबात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना धागा सापडला. मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झालेली होती, आतल्या अवयवांवर खडूसारखे पांढरे थर. अशा 25 गिधाडांची तपासणी केली, तर पंचविसांतही डायक्लोफिनॅक निघालं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या 13 गिधाडांत एकातही नाही. 2004 मध्ये हे संशोधन 'नेचर'मध्ये छापून आलं.

डायक्लोफिनॅक म्हणजे काय, हे आपल्या वयाच्या बायकांना सांगायला नको. कंबर धरली, गुडघा दुखला की आपण घेतो ती गोळी. माझ्या पर्समध्येही असते. तेच औषध नव्वदीच्या दशकात स्वस्त झालं आणि गुरांना द्यायला लागले. लंगडणारा बैल सकाळी उभा राहायचा. ताप उतरायचा. पण औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर दगावलं, तर औषध त्याच्या मांसात उरलेलं असतं. ते मांस गिधाडाने खाल्लं की काही दिवसांत त्याची मूत्रपिंडं बंद. आणि गिधाडं एकेकटी जेवत नाहीत, पंगतीला बसतात. एका मढ्यावर पन्नास-पन्नास. त्यामुळे शंभर मेलेल्या जनावरांत एकाच्या अंगात असं औषध असलं, तरी गिधाडांचा वंश बुडायला ते पुरेसं होतं. किंबहुना त्याहून कमीही चालतं, असं शास्त्रज्ञांचं गणित सांगतं. कारण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, आणि पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडी घालायला पाच-एक वर्षं लागतात.

आता माझ्या माहेरचा गोठा. 1997 ची दिवाळी. मी कॉलेजात, सुट्टीला घरी आलेले. आमची म्हातारी कपिला गाय पाय मोडून बसली होती. बाबांचा तिच्यावर फार जीव. त्यांनी तालुक्याहून गुरांचा डॉक्टर आणला. त्याने वेदना कमी होण्याचं इंजेक्शन दिलं, त्या वर्षांत सर्रास दिलं जायचं तेच. दुसऱ्या दिवशी आणखी एक. गाय शांत झाली. बाबा म्हणाले, "निदान सुखानं तरी जाईल." तिसऱ्या दिवशी गेली. नेहमीच्या जागेवर नेऊन टाकली. सात-आठ गिधाडं उतरलेली मी पाहिली. तेव्हाच ती कमी झाली होती, पण आमच्या कुणाच्या ते डोक्यात नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी परसातल्या आंब्यावर एक गिधाड येऊन बसलं. मान छातीवर टाकलेली, जणू पेंगतंय. आई म्हणाली, "अपशकुन आहे, हाकला." माझा धाकटा भाऊ आणि त्याची टोळी दगड मारायला लागली. ते उडेना. मान उचलायचं, पुन्हा टाकायचं. मी ओटीवर उभी राहून हसत होते. भाऊबीज होती त्या दिवशी. रात्री कधीतरी ते खाली पडलं. गड्याने लांब नेऊन टाकलं.

भरतपूरच्या त्या मान टाकलेल्या गिधाडांबद्दल वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमचा आंबा आला. ही आजारी गिधाडाची खूणच आहे म्हणतात. आमच्याच कपिलेचं मांस त्याने खाल्लं असेल असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण सांगायची गरजही नाही. आमच्या नाही तर शेजाऱ्याच्या गोठ्यातलं.

मग या गोष्टीत तो 'स्वार्थी मानव' कोण? बाबा? त्यांनी मरणाऱ्या गाईचं दुखणं कमी केलं. डॉक्टर? त्याने पुस्तकात शिकवलेलं औषध दिलं. औषध बनवणाऱ्यांनी ते गाईवर तपासलं होतं, माणसावर तपासलं होतं. गिधाडावर तपासायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. जंगल तोडणारा लोभी ठेकेदार या गोष्टीत नाहीच. आहे ती दया. भूतदया म्हणून आपण जिला पुण्य समजतो, ती. आणि तिनेच काही कोटी पक्षी मारले.

मला वाटतं, म्हणूनच हा विषय निबंधात मावत नाही. स्वार्थ होता म्हटलं की आपण सुटतो, कारण आपण काही स्वार्थी नसतो! पण चांगल्या मनाने केलेल्या कामाचंही नुकसान होतं आणि तेही आपल्याच नावावर चढतं, हे कबूल करणं जड जातं. बाबांना मी हे चार वर्षांपूर्वी सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माहीत नव्हतं गं." मी म्हटलं, "हो बाबा, नव्हतंच." त्यांचं 'माहीत नव्हतं' खरं आहे. 1997 मध्ये कुणालाच माहीत नव्हतं. प्रश्न 2004 नंतरचा आहे. माझा आहे.

2006 मध्ये सरकारने जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बनवायला बंदी केली. त्याच सुमारास मेलॉक्सिकॅम नावाचं औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचं सिद्ध झालं. दुखण्यावर तेही चांगलं चालतं. म्हणजे गाय की गिधाड, असा प्रश्नच उरला नव्हता. तरी काय झालं? माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या मागच्या दाराने गोठ्यात यायला लागल्या. म्हणून 2015 मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपी 3 मिलिलिटरपेक्षा मोठी असता कामा नये, असा नियम आला. त्याविरुद्ध औषध कंपन्या कोर्टात गेल्या. 2017 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नियम योग्यच ठरवला. दरम्यान, गुरांना दुसरी औषधं सुरू झाली होती, तीही गिधाडांना घातक निघाली. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवर बंदी आली, त्यानंतर निमेसुलाइडवरही. एक दार लावावं तर दुसरं उघडं.

आणि वहिनींच्या गोठ्यात पाच छोट्या कुप्या. 3-3 मिलिलिटरच्या. मोठी मिळत नाही ना, मग पाच फोडायच्या! कायदा किती बारीक केला तरी गव्हाणीपाशी कोण उभं राहणार?

तिथे आपणच उभ्या असतो, मैत्रिणींनो. शेण आपण काढतो, वैरण आपण टाकतो, धार आपण काढतो. गाईने पान्हा चोरला तर आपल्याला आधी कळतं. पण औषध कोणतं, हे विचारायची वेळ आली की आपण पदर सावरून बाजूला होतो. घरात मुलाला ताप आला तर गोळीची तारीख दोनदा वाचणारी बाई गाईच्या बाटलीकडे बघतही नाही. 'ते डॉक्टरांचं काम.' वहिनी बारावी पास आहेत. कुपीवरचं नाव त्यांना वाचता आलं असतं. पण त्याचा अर्थ काय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा वर्षं मी या गटांच्या बैठका घेते आहे. सॅनिटरी नॅपकिनवर बोलले, प्लास्टिकवर बोलले, गांडूळखतावर तर कंटाळा येईपर्यंत बोलले. यावर एकदाही बोलले नव्हते. वाचलेलं होतं सगळं. ते निबंधासाठी राखून ठेवलं होतं, असंच म्हणायला हवं.

आता वहिनींचा प्रश्न- इथं गिधाडं आहेत कुठं? खरंच नाहीत. आमच्या तालुक्यात शेवटचं गिधाड कुणी कधी पाहिलं, हे म्हाताऱ्यांनाही आठवत नाही. पण गिधाड तालुक्याची हद्द पाळत नाही. अन्नासाठी ते एका दिवसात शंभर किलोमीटरही जातं. माझ्या माहेरच्या बाजूला म्हसळा तालुक्यात चिरगावच्या लोकांनी संस्थांच्या मदतीने घरट्यांची झाडं राखली, गिधाडांना मेलेली गुरं मिळतील अशी सोय केली. 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने त्या पट्ट्यातली असंख्य झाडं आडवी केली, तरी माणसं नेटाने ते काम करतायत. हरियाणात पिंजोरला पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं 2024 मध्ये आपल्या पेंच आणि ताडोबाच्या जंगलात सोडली. एवढा खटाटोप करून वाढवलेला पक्षी उडत उडत कुठल्या तरी गावाबाहेर उतरेल आणि खाली काय असेल? पाच कुप्यांची गाय.

आणि समजा नाहीच आली परत, तर? मग काय होतं तेही आता मोजून झालंय. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी 2024 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती ते जिल्हे आणि जिथे मुळातच कमी होती ते जिल्हे, यांची तुलना त्यांनी केली. गिधाडं गेल्यावर पहिल्या प्रकारच्या जिल्ह्यांत माणसांचा मृत्युदर 4 टक्क्यांहून अधिक वाढला. 2000 ते 2005 या काळात देशात सुमारे 5 लाख माणसं जास्तीची मेली, असा त्यांचा अंदाज. सडकी मढी, त्याने खराब झालेलं पाणी, मढ्यांवर पोसलेली भटकी कुत्री आणि त्यांच्यामागून येणारा रेबीज. मुंबईत पारशी समाजावर तर हजार वर्षांची अंत्यसंस्काराची रीत बदलायची वेळ आली. डुंगरवाडीवर सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रं बसवावी लागली.

पाच लाखांत गावाबाहेरच्या कुत्र्यांनी चावलेली पोरं किती असतील, याचा विचार केला की मला 'निसर्गप्रेम' हा शब्द फार गुळगुळीत वाटायला लागतो.

हे सगळं मी वहिनींना एकदम सांगितलं नाही. रात्रभर जागलेल्या बाईला आकडे सांगू नयेत. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. "ताई, रात्री साडेनऊला गाय तडफडत होती. सरकारी डॉक्टर सकाळी येणार. तो पोरगा दहाव्या मिनिटाला आला. तुम्ही असता तर काय केलं असतं?" मी काय सांगणार? मीही त्यालाच बोलावलं असतं. बाबांनी जे केलं तेच केलं असतं.

गाय वाचली, ही त्यातली चांगली गोष्ट. ती मेली असती तर मात्र गावाबाहेर टाकू नका, खोल पुरा, असं सांगायची माझी तयारी होती. आणि जेसीबीचे पैसे कोण देणार, हेही वहिनींनी लगेच विचारलं असतं.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत मी पहिल्यांदा हा विषय काढला. अर्ध्या बायका हसल्या. "आता गिधाडं पाळायची का ताई?" पण एका आजींनी मधेच सांगितलं, त्यांच्या लग्नाच्या वर्षी ओढ्यापलीकडे इतकी गिधाडं बसायची की वरातीचा बैल बुजला होता. मग एकेकीला काही काही आठवायला लागलं. शेवटी ठरलं ते एवढंच- मेलॉक्सिकॅमचं नाव मराठीत मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक गोठ्यात चिकटवायचं, आणि गावातल्या मेडिकलवाल्याला ते नेहमी ठेवायला सांगायचं. मेडिकलवाला म्हणाला, "मागणी असेल तर ठेवतो की, मला काय!" ते औषध फार महागही नाही.

राहिला तो बाइकवाला मुलगा. त्याला मी फोन केला. आधी तो चिडला. "मॅडम, मी नसतो तर त्यांची गाय मेली असती." मी म्हटलं, "खरं आहे बाबा, म्हणून तर तुला फोन केला." थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग विचारलं, "मेलॉक्सिकॅमचा डोस किती द्यायचा? ते मला कुणी शिकवलेलं नाही." मी त्याला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा नंबर दिला. त्या दोघांचं आपसात फारसं बरं नाही, हे मला नंतर कळलं. आता येत्या बैठकीला दोघांनाही बोलावलं आहे. वहिनी चहा करणार आहेत, त्यांच्याच गाईच्या दुधाचा.